संच थांबला तर बिघडले कोठे?

उन्हाळ्यात विजेची मागणी शिगेला पोहोचलेली असताना एखाद्या जलविद्युत केंद्रातील संच, म्हणजे टर्बाईन आणि जनित्राची जोडी, अचानक बंद पडला, की त्यावरची चर्चा ठरलेल्या वळणाने जाते. एक बाजू म्हणते की सरकारी कारभार असाच चालायचा. यंत्रे जुनी, माणसे सुस्त, तेव्हा केंद्र खासगी कंपनीकडे द्या किंवा निदान सगळे स्वयंचलित करून माणसे कमी करा. दुसरी बाजू म्हणते की यंत्रांना काही झालेले नाही, दोष ओळखून संच बंद करणारे रिले उगाच नाजूक लावून ठेवले आहेत; निर्णय अनुभवी अभियंत्याच्या हाती असता तर त्याने संच तसाच पुढे रेटला असता. या दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात, पण संच बंद पडणे म्हणजे अपयश, याबद्दल त्यांचे पूर्ण एकमत असते. माझा आक्षेप या एकमतालाच आहे. जनित्राचे रक्षण करणारी यंत्रणा संच थांबवते तेव्हा ती तिला नेमून दिलेले काम करत असते, आणि हे काम वीजनिर्मितीचाच एक भाग आहे. केंद्राला जाब जरूर विचारावा. पण तो विचारताना थांबायला हवे होते तेव्हा संच थांबला का, आणि थांबायला नको होते तेव्हा तो थांबला का, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. आपल्याकडे ते एकात एक मिसळले जातात आणि मग पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला कोणाला वेळच उरत नाही.

‘संच बंद पडला’ या तीन शब्दांच्या बातमीमागे काय घडलेले असते, हे आधी पाहिले पाहिजे. कोयनेच्या पहिल्या दोन टप्प्यांचे वीजगृह पोफळीला डोंगराच्या पोटात आहे. तेथे साडेचारशे मीटरहून अधिक उंचीवरून उतरलेले पाणी पेल्टन पद्धतीच्या, म्हणजे पाण्याच्या धारेने फिरणाऱ्या, टर्बाईनवर आदळते. संच विजेच्या जाळ्याशी जोडलेला असतो तोवर जाळ्यावरील भार त्याला विशिष्ट वेगाला बांधून ठेवतो. संचाला जाळ्यापासून तोडणारा ब्रेकर उघडला की हा भार एका क्षणात नाहीसा होतो. पाण्याचा जोर मात्र तसाच राहतो आणि फिरता भाग वेग घेऊ लागतो. त्याला मोकळे सोडले तर पेल्टन टर्बाईन नेहमीच्या वेगाच्या पावणेदोन पटींच्या पुढे जाऊ शकते. मग पाणी एकदम तोडावे म्हटले, तर लांबलचक पाइपातून धावत येणारा प्रवाह जागच्या जागी अडून दाब इतका चढतो की तो पाइप, म्हणजे पेनस्टॉकच फुटायचा. म्हणून पेल्टनमध्ये आधी डिफ्लेक्टर पाण्याची धार बाजूला वळवतो आणि नोझलची सुई मागाहून सावकाश मिटते. फ्रान्सिस या दुसऱ्या पद्धतीच्या टर्बाईनमध्ये पाणी आत सोडणाऱ्या गाइड व्हेन ठरवून दिलेल्या गतीनेच बंद होतात आणि राहिलेला धक्का सर्ज शाफ्ट या उभ्या विवरात वर चढणारे पाणी सोसते.

विजेच्या बाजूची घाई याच्या अगदी उलट आहे. स्टेटरच्या, म्हणजे जनित्राच्या स्थिर भागाच्या, गुंडाळीत दोष निर्माण झाला तर डिफरन्शियल रिले गुंडाळीच्या दोन टोकांना वाहणारा प्रवाह ताडून पाहतो आणि काही मिलिसेकंदांत ब्रेकरला उघडण्याचा हुकूम देतो. पण तेवढ्याने भागत नाही. रोटर, म्हणजे जनित्राचा फिरता भाग, अजून फिरत असतो, त्याचे चुंबकीय क्षेत्र शाबूत असते, आणि जनित्र आपल्याच पोटातील दोषाला वीज पुरवत राहते. त्यामुळे हे क्षेत्र निर्माण करणारा प्रवाह, म्हणजे एक्सायटेशनही त्याच वेळी तोडावे लागते. पुढे वेग उतरला की ब्रेक वेळेवर लागावे लागतात, कारण संच फार वेळ मंद गतीने रेंगाळला तर थ्रस्ट बेअरिंगवरील तेलाचा पातळ थर टिकत नाही आणि रोटरचा सगळा भार धातूवर येतो. म्हणजे विजेला मिलिसेकंदांत आवरायचे, पाण्याला सेकंदांच्या हिशेबाने, आणि फिरणाऱ्या लोखंडाला मिनिटांच्या. या तिन्ही गती सांभाळून संच सुखरूप उभा करणे हे तो चालू करण्यापेक्षा सोपे काम नाही. ते नीट पार पडले, याची बातमी मात्र कोणी देत नाही.

विरोधी बाजूचे पहिले म्हणणे नुकसानीचे आहे. मागणी चढलेली असताना अडीचशे मेगावॉटचा एक संच गेला, तर तेवढी वीज बाजारातून चढ्या भावाने घ्यावी लागते किंवा कोठेतरी भारनियमन करावे लागते, आणि त्याचा बोजा शेवटी ग्राहकावर पडतो. हे खरे आहे, आणि नदीच्या वाहत्या पाण्यावर चालणाऱ्या केंद्रांत ते अधिकच खरे आहे. तेथे संच थांबला की पाणी वीज न देताच पुढे निघून जाते. पण हा हिशेब बऱ्याचदा औष्णिक केंद्रावरून उचललेला असतो. औष्णिक संच एकदा थंडावला की त्याला पुन्हा भारावर यायला कित्येक तास लागतात आणि मधल्या वेळात तेल जळते. जलविद्युत संचाचा दोष किरकोळ असेल, तर तपासणी करून तो काही मिनिटांत पुन्हा जाळ्याशी जोडता येतो. धरण भरून वाहत नसेल, तर न वापरलेले पाणी कोयनेच्या शिवसागर जलाशयातच राहते. कृष्णा पाणीवाटप लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली असल्यामुळे तेथे तर वर्षभरात किती वीज मिळणार, हे संचाच्या एका दिवसाच्या खोळंब्यापेक्षा या मर्यादेवर अधिक अवलंबून असते. आज दुपारी न झालेली निर्मिती उद्या संध्याकाळी करता येते; जळालेला स्टेटर मात्र उद्या संध्याकाळी मिळत नाही, त्याला कित्येक महिने लागतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयना हादरली, वीजपुरवठा तुटला आणि मुंबईपर्यंतचे कारखाने अडले. त्या खोळंब्याचे नुकसान मोठे होते. पण १९६२ मध्ये ज्या वीजगृहातून निर्मिती सुरू झाली, ते वीजगृह आज साठ वर्षांहून अधिक काळानंतरही वीज देत आहे. ११ डिसेंबरच्या अंधाराची किंमत मांडताना ही बाजू जमेला का धरली जात नाही?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. संरक्षण यंत्रणा स्वतःच चुकते, आणि ती चुकते तेव्हा एका संचाऐवजी सगळे जाळे कोसळू शकते, असा तो आक्षेप आहे. इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देतो. ९ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळी कॅनडातील नायगराकाठच्या सर ॲडम बेक जलविद्युत केंद्रातून निघणारी एक वाहिनी रिलेने तोडली. वाहिनीत दोष नव्हता. रिलेची मर्यादा काही वर्षांपूर्वी लावलेली होती, त्यानंतर भार वाढत गेला होता आणि ती मर्यादा कमी पडत होती. तोडलेल्या वाहिनीचा भार शेजारच्या वाहिन्यांवर गेला, त्याही तुटल्या, आणि न्यूयॉर्कसह अमेरिका-कॅनडातील सुमारे ३ कोटी लोक अंधारात गेले. आपल्याकडे ३० जुलै २०१२ ला उत्तरेचे जाळे कोसळले, तेव्हाही सुरुवात अशीच झाली. बीना-ग्वाल्हेर या ४०० केव्ही वाहिनीवरील रिलेने जादा भारालाच दूरचा दोष समजून वाहिनी सोडली. दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी गेली आणि साठेक कोटी लोकांना त्याची झळ बसली.

या दोन्ही घटनांतून ‘रिले नाजूक लावू नका’ असा धडा काढणारे लोक अर्धीच गोष्ट वाचतात. दोन्हीकडे रिलेने त्याला जे सांगून ठेवले होते तेच केले. सांगणाऱ्यांनी बदललेल्या परिस्थितीत ते पुन्हा तपासले नव्हते, आणि १९६५ मध्ये तर केंद्र चालवणाऱ्यांना ती मर्यादा नेमकी किती आहे याचीही कल्पना नव्हती. २०१२ नंतर आपल्याकडे देशभरातील संरक्षण यंत्रणांचे लेखापरीक्षण करण्याची शिफारस झाली. रिले काढून टाकण्याची कोणी केली नाही. आपल्या घरात फ्यूज वारंवार उडू लागला की त्यात जाड तार गुंडाळणारे महाभाग असतात. फ्यूज उडणे थांबते हे खरे. वायरिंग मात्र त्याच दिवसापासून वाऱ्यावर असते. वीजकेंद्रात या जाड तारेला ‘सेटिंग थोडे सैल करणे’ किंवा ‘अलार्मवर ठेवणे, ट्रिपवर (आपोआप बंद होण्यावर) नको’ अशी सभ्य नावे आहेत. सेटिंग बदलणे कधी कधी योग्यही असते. ते कोणी बदलले, कोणत्या गणिताने बदलले, यंत्राच्या उत्पादकाला आणि जाळ्यावरील मागणी-पुरवठा सांभाळणाऱ्या भारप्रेषण केंद्राला ते कळवले का, हे कागदावर असेल तर ती अभियांत्रिकी झाली. रात्रपाळीत संच दोनदा पडला म्हणून सकाळपर्यंत बदलले असेल, तर ती जाड तारच आहे.

आता अनुभवी माणसाच्या निर्णयाचा मुद्दा घेऊ. या मुद्द्याविषयी मला खरोखर आदर आहे, कारण बेअरिंगच्या आवाजात पडलेला फरक कानाने ओळखणारी माणसे आपल्या केंद्रांत आहेत आणि त्यांच्या जागी कोणताही सेन्सर बसवता येणार नाही. पण या अनुभवाचा उपयोग संच थांबवण्यासाठी करायचा की न थांबवण्यासाठी, हा खरा प्रश्न आहे. सायबेरियातील येनिसेइ नदीवरच्या सायानो-शुशेन्स्काया केंद्रात १७ ऑगस्ट २००९ रोजी जे घडले ते या प्रश्नाचे सगळ्यांत महाग उत्तर आहे. ६४० मेगावॉटचा एक, असे १० संच त्या केंद्रात होते. आदल्या रात्री दूरच्या ब्रात्स्क केंद्रात आग लागून संपर्क तुटला, आणि जाळ्याचा भार कमी-जास्त करून सांभाळण्याचे काम सायानोकडे आले. त्यात २ क्रमांकाचा संच पुढे होता. फ्रान्सिस टर्बाईनला अर्धवट भाराचा एक पट्टा असा असतो की त्यात खालच्या, पाणी बाहेर नेणाऱ्या ड्राफ्ट ट्यूबमध्ये पाण्याचा पिळदार भोवरा तयार होऊन सगळा संच थरथरतो. त्या पट्ट्यात संच ठेवू नये आणि तो पट्टा झटकन ओलांडावा, असा दंडक आहे. त्या रात्रीपासून सकाळपर्यंत हा संच त्या पट्ट्यातून पुन्हा पुन्हा वरखाली जात राहिला. कंपने मर्यादेच्या पलीकडे वाढलेली होती आणि तरीही संच उभा केला गेला नाही. सकाळी ८ वाजून १३ मिनिटांनी टर्बाईनचे झाकण धरून ठेवणारे स्टड तुटले, झाकणासह रोटर वर उचलला गेला आणि पाण्याचा स्तंभ यंत्रशाळेत घुसला. ७५ माणसे मेली. नंतर तपासलेल्या ४९ स्टडपैकी ४१ स्टडवर धातूच्या थकव्याने आलेल्या भेगा आढळल्या. एका सकाळचे हे दुखणे नव्हते. शिवाय १९८३ मध्ये ताजिकिस्तानातील नुरेक केंद्रात, त्याच सोव्हिएत व्यवस्थेत, झाकणाचे स्टड असेच थकून तुटलेले होते. २६ वर्षांपूर्वीची ही घटना कोणाच्या तरी कपाटात नोंदलेली असणारच.

सायानोत अनुभवी माणसे नव्हती असे कोण म्हणेल? जाळ्याला आपली गरज आहे, ही त्यांच्या मनावरची ओढ एवढी प्रबळ होती की संच थांबवण्याचा निर्णय प्रत्येक तासाला पुढच्या तासावर ढकलला गेला. माणसाच्या निर्णयाची मर्यादा येथे दिसते. भारप्रेषण केंद्राचा फोन, वरिष्ठांची नाराजी, उद्याच्या वृत्तपत्रातील मथळा, या सगळ्यांचे ओझे माणसावर असते; रिलेवर ते नसते, आणि म्हणूनच तो बसवलेला असतो. पण त्याच सकाळचा उत्तरार्ध पाहिला तर स्वयंचलनाच्या भक्तांनाही गप्प बसावे लागते. यंत्रशाळेत पाणी शिरताच केंद्राची स्वतःची वीज गेली आणि बाकीचे बहुतेक संच आपोआप बंद होऊ शकले नाहीत. पाणी शेवटी थांबले ते काही कर्मचारी धरणाच्या माथ्यावर पोहोचले आणि त्यांनी तेथील दारे हाताने खाली सोडली तेव्हा, म्हणजे तासाभरानंतर. केंद्र मनुष्यविरहित असते, तर ही दारे कोणी सोडली असती?

दूरवरून चालवल्या जाणाऱ्या केंद्राचे उदाहरणही अमेरिकेत घडलेले आहे. मिझुरी राज्यातील टॉम सॉक या उदंचन, म्हणजे पाणी पंपाने वर चढवून साठवणाऱ्या, केंद्राचा वरचा जलाशय डोंगरमाथ्यावर बांधलेला होता. त्यातील पाण्याची पातळी सेन्सर सांगत आणि पंप दुरून चालवले जात. सेन्सरच्या नळ्या पकडीतून सुटून वाकल्या होत्या, त्यामुळे पातळी खरी असेल त्याहून कमी दिसत होती. हे आधी लक्षात आले होते, दुरुस्ती मात्र पुढे ढकललेली होती. जादा पाणी झाल्यास पंप बंद करणारे राखीव प्रोब इतके वर बसवलेले होते की पाणी भिंतीवरून वाहू लागले तरी ते त्यांना लागणार नव्हते. १४ डिसेंबर २००५ च्या पहाटे पंप चालूच राहिले, पाणी माथ्यावरून ओसंडले, बंधारा फुटला आणि अर्ध्या तासाच्या आत जलाशय रिकामा झाला. नियंत्रण कक्षातील आकड्यांप्रमाणे तोवर सगळे ठीक होते.

स्वयंचलनाचा आणखी एक पाया आहे, आणि त्याची चर्चा तर कधीच होत नाही. तो म्हणजे बॅटऱ्यांची खोली. रिले, ब्रेकर उघडणारी ट्रिप कॉइल, आणीबाणीचे दिवे हे सगळे केंद्राच्या बॅटऱ्यांतून येणाऱ्या डीसी पुरवठ्यावर चालते. तो गेला तर दोष दिसतो, पण तोडणारा हात लुळा पडलेला असतो. २० ऑगस्ट २०२० च्या रात्री श्रीशैलमच्या डाव्या तीरावरील तेलंगणाच्या ९०० मेगावॉटच्या भूमिगत केंद्रात जुन्या बॅटऱ्या बदलण्याचे काम चालू असताना आग लागली आणि ९ जण मरण पावले. त्यांत केंद्राचे अभियंते आणि कर्मचारी होते, तसेच बॅटऱ्यांच्या कामासाठी आलेली माणसेही होती. जमिनीखालच्या वीजगृहात धुराला जायला वाट नसते, माणसालाही फारशी नसते. बॅटऱ्या बदलण्याइतके कंटाळवाणे काम दुसरे नाही. निविदेत त्याची रक्कम कोपऱ्यात असते आणि उद्घाटनाला मंत्री येत नाहीत. संरक्षण यंत्रणेची सर्व हुशारी मात्र त्या कोपऱ्यातल्या रकमेवर उभी असते.

हा वाद आता तातडीचा झाला आहे, कारण जलविद्युत संचांचे काम बदलते आहे. ५ एप्रिल २०२० च्या रात्री ९ वाजता देशाने ९ मिनिटे दिवे मालवले, तेव्हा विजेची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१,००० मेगावॉटने उतरली. जाळे त्यातून तरले ते मुख्यतः जलविद्युत केंद्रांमुळे. त्यांची निर्मिती २५,००० मेगावॉटच्या वरून ८,००० मेगावॉटच्या आसपास आणली गेली आणि दिवे लागताच पुन्हा चढवली गेली. आधी सूचना मिळाल्यामुळे ही कसरत साधली, आणि ज्यांनी ती साधली त्यांचे कौतुकच केले पाहिजे. पण सौरऊर्जा जसजशी वाढते आहे, तसतशी हीच कसरत लहान प्रमाणात रोज संध्याकाळी करावी लागते आहे. सूर्य मावळतो, मागणी चढते, आणि दिवसभर स्वस्थ बसलेले संच तासाभरात पूर्ण भारावर आणावे लागतात. प्रत्येक चालू-बंद होण्यात स्टेटरची गुंडाळी तापते आणि निवते, स्टड ताणले जातात, अर्धवट भाराचा तो थरथरता पट्टा ओलांडावा लागतो. एका ठरावीक भारावर वर्षानुवर्षे चालण्यासाठी लावलेल्या मर्यादा आणि आखलेली देखभाल या नव्या कामाला पुरेल, असे कोणत्या आधारावर गृहीत धरायचे? उदंचन केंद्रांत तर संच एका दिशेने फिरून वीज देतो आणि दुसऱ्या दिशेने फिरून पाणी वर चढवतो, आणि हे दिवसातून अनेकदा. महाराष्ट्रात घाटघरचे २५० मेगावॉटचे असे केंद्र २००८ पासून चालते आहे, आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणखी अनेक केंद्रांचे सामंजस्य करार गेल्या काही वर्षांत झाले आहेत.

म्हणून माझे म्हणणे असे की ट्रिपिंगची संख्या मोजून केंद्राला शाबासकी किंवा शिक्षा देण्याची पद्धत बंद व्हावी. जलविद्युत केंद्राच्या स्थिर आकाराची वसुली त्याच्या उपलब्धतेशी, म्हणजे संच किती वेळ चालण्यास तयार होता याच्याशी, जोडलेली असते. या व्यवस्थेत बरोबर थांबलेला संच आणि हलगर्जीने बंद पडलेला संच एकाच रकान्यात जातात, आणि संच थांबवण्याचा निर्णय घेणाऱ्या अभियंत्याला स्वतःच्याच कंपनीचे उत्पन्न बुडवल्यासारखे वाटू लागते. प्रत्येक ट्रिपिंगचा अहवाल ठरावीक मुदतीत प्रसिद्ध व्हावा: कोणता रिले चालला, तो चालायला हवा होता का, चालायला हवा असताना न चाललेला दुसरा एखादा होता का. बरोबर ट्रिपिंगचा वेळ उपलब्धतेतून वजा करू नये. चुकीच्या ट्रिपिंगचा जरूर करावा, आणि अडवून ठेवलेल्या ट्रिपिंगसाठी त्याहून कडक जबाबदारी धरावी. याचा गैरफायदा घेतला जाईल आणि प्रत्येक बिघाडाला ‘बरोबर ट्रिपिंग’चे लेबल चिकटवले जाईल, अशी शंका रास्त आहे. पण रिलेमध्ये घटनेची नोंद मिलिसेकंदांपर्यंत उमटलेली असते. ती भारप्रेषण केंद्राच्या नोंदीशी ताडून पाहिली तर बनवाबनवीला फार जागा उरत नाही. आज अशी ताडणी केंद्राबाहेरचे कोणी सार्वजनिकपणे करत नाही, एवढाच काय तो प्रश्न आहे.

आपल्या राज्यापुरती एक अडचण याहून जुनी आहे. जलविद्युत केंद्रे जलसंपदा विभागाने बांधायची आणि महानिर्मिती या सरकारी वीजनिर्मिती कंपनीने ती भाडेपट्ट्याने चालवायची, अशी येथील रचना आहे. धरण एका खात्याकडे आणि जनित्र दुसऱ्या कंपनीकडे असले, तर पाण्याची दारे आणि संचाचे रिले यांची एकत्र चाचणी घेण्याची जबाबदारी कोणाच्या वार्षिक कामाच्या यादीत लिहिलेली असते? नव्या उदंचन प्रकल्पांत खासगी कंपन्या, सरकारी विभाग आणि पारेषण कंपनी असे आणखी वाटेकरी येत आहेत. त्यांच्या करारांच्या बातम्यांत मेगावॉट, कोटींची गुंतवणूक आणि रोजगाराचा आकडा ठळक छापलेला असतो. केंद्राची स्वतःची सगळी वीज गेलेली असताना वरच्या जलाशयाचे दार किती मिनिटांत आणि कोणी बंद करायचे, आणि त्याची शेवटची चाचणी कोणत्या तारखेला झाली, हे दोन रकाने त्याच करारांत आणि दर वर्षीच्या अहवालांत भरून मागितले जावेत, आणि ते रिकामे असतील तर राज्य वीज नियामक आयोगाने त्या केंद्राच्या दराची याचिका पुढे सरकू देऊ नये.